कुंडींतील शेती : सदनिकेंत राहणाऱ्या मुलाबाळांसाठीं कांहीं सूचना

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आतां असें शेतकऱ्याचें घर विरळाच सांपडेल कीं, ज्यांतील एक तरी मूल शहरांत बिऱ्हाड करून राहत नाहीं. कोणी सावेडीस, कोणी केडगांवास, तर कोणी पुण्यास सदनिका घेऊन राहतो. त्यांच्याकडे गांवाहून ज्वारी-बाजरी, तूप व कांदे जातात, हें जुनेंच आहे. अलीकडे मात्र त्यांत एका मागणीची भर पडली आहे. ‘येतांना दोन पोतीं शेतांतली माती आणा, गॅलरींत भाजी लावावयाची आहे.’ अशा वेळीं आपल्यापैकीं पुष्कळांस वाटतें कीं, ज्यानें जन्मभर शेत वाहिलें त्यास चार कुंड्या त्या काय जड! प्रस्तुत लेखकासही तसेंच वाटलें होतें, आणि त्यांत तो सपशेल फसला.

घडलें तें असें. जून महिन्यांत विहिरीखालच्या पट्टींतील उत्तम काळी माती चार पोतीं भरून मुलाच्या चौथ्या मजल्यावरील घरीं नेली. सात कुंड्या भरल्या व त्यांत वांगीं, टोमॅटो आणि मिरची यांचीं रोपें लावलीं. श्रावणांत पानें पिवळीं पडूं लागलीं. खत कमी पडलें असेल असें समजून चिमूटभर युरिया दिला, तेव्हां रोपें अधिकच लवकर माना टाकूं लागलीं. भाद्रपदांत एक कुंडी उलटी करून पाहिली तों माती विटेसारखी घट्ट झालेली, तळाशीं चिखल आणि त्यांत कुजलेलीं काळीं मुळें. शेजारीं उभ्या असलेल्या नातीनें विचारलें, ‘आबा, आपल्या शेतांतली माती वाईट आहे का?’

माती वाईट नव्हती. त्याच पट्टींत त्या वर्षीं वांगीं उत्तम आलीं होतीं. वाईट होती ती आमची समजूत. कुंडी म्हणजे लहानसें शेत, असें आम्हीं धरून चाललों. परंतु कुंडी हें शेत नव्हे. तिचे नियम निराळे आहेत, आणि ते समजून घेतले तर शेतकऱ्याचें ज्ञान तेथेंही उपयोगीं पडतें. ते नियम येथें क्रमानें सांगण्याचा विचार आहे.

१. शेत आणि कुंडी यांतील भेद

पहिला भेद जागेचा. शेतांत टोमॅटोची लागवड ९० × ३० सेंटिमीटर अंतरावर केली, तर एक फूट खोलीपर्यंतच हिशेब धरला तरी एका झाडाच्या वाट्यास सुमारें ८० लिटर माती येते. शिवाय गरज पडल्यास मुळें त्याहून खोल जाऊं शकतात. बारा इंची कुंडींत मात्र सुमारें पंधरा लिटरच माती मावते. म्हणजे शेतांतील हिश्शाच्या पांचव्या भागावर झाडास संसार करावयास आपण सांगतों. अर्थात् त्याचें पाणी व अन्न हीं दोन्ही त्यास वारंवार आणि थोडथोडीं हातानें पुरवावीं लागतात.

दुसरा भेद पाण्याच्या निचऱ्याचा, व खरी फसगत येथेंच होते. ओलें धोतर दांडीवर वाळत घातलें म्हणजे वरचा भाग आधीं वाळतो, पण खालचा काठ बराच वेळ ओला राहतो. पाणी खालीं उतरतें, परंतु काठाशीं येऊन तेथेंच धरून राहतें. मातीचेंही तसेंच आहे. शेतांत हा ‘ओला काठ’ मुळांच्या पुष्कळ खालीं असतो. कुंडींत तो तळाशींच, म्हणजे ऐन मुळांत असतो. माती जितकी बारीक कणांची, तितका हा ओला थर उंच. भरड मिश्रणांत तो बोटभर असेल, तर चिकण काळ्या मातींत तो अर्धी कुंडी व्यापूं शकतो. अशा मातींत हवा राहत नाहीं, आणि हवेवांचून मुळें कुजतात. आमच्या कुंड्यांत जें घडलें तें हेंच.

पुष्कळ लोक निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशीं खडी किंवा विटांचे तुकडे यांचा जाड थर देतात. त्याचा उलटाच परिणाम होतो. मातींतील पाणी खडीच्या थरावर येऊन अडतें, म्हणजे ओला काठ वर उचलला जाऊन मुळांच्या आणखी जवळ येतो. भोंकावर एक वांकडी खापरी ठेवावी, म्हणजे माती वाहून जात नाहीं. याहून अधिक कांहीं करण्याचें कारण नाहीं.

तिसरा भेद उष्णतेचा. जमिनींत वीतभर खालीं मुळांस गारवा मिळतो. कुंडीस मात्र चहूंबाजूंनीं ऊन व वारा लागतो. चैत्र-वैशाखांत पत्र्याचा डबा किंवा काळ्या प्लास्टिकची बादली पश्चिमेच्या उन्हांत तापली म्हणजे कडेचीं कोवळीं मुळें भाजून निघतात. झाड दुपारीं कोमेजतें, घरचीं माणसें पाणी कमी पडलें असें समजून आणखी पाणी ओततात, आणि तापलेल्या मुळांवर चिखलाची भर पडते.

२. मातीचें मिश्रण

आपल्या काळ्या जमिनींत चिकणमातीचा अंश फार. ती भिजली कीं फुगते व वाळली कीं आक्रसते. शेतांत हा गुण आहे. उन्हाळ्यांत पडलेल्या भेगांतून हवा खेळते, वरची माती भेगांत पडते व जमिनीची आपोआप उलथापालथ होते. कुंडींत मात्र तीच माती आक्रसून कडेपासून सुटते. मग घातलेलें पाणी त्या फटींतून सरळ खालीं जाऊन तबकांत सांठतें, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. घरांतील माणसास वाटतें कीं पाणी भरपूर झालें. शिवाय आपल्या पुष्कळ जमिनींत चुनखडी आहे. तिच्यामुळें मातींत लोह असूनही मुळांस तें घेतां येत नाहीं व कोवळीं पानें शिरा हिरव्या राहून पिवळीं पडतात.

म्हणून मिश्रण असें करावें : एक भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलें शेणखत अथवा गांडूळखत, आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यास बाजारांत कोकोपीट म्हणतात. हे भाग वजनानें न घेतां घमेल्यानें मोजावे. पंधरा लिटर मिश्रणास एक मूठ निंबोळी पेंड घालावी. कोकोपीटच्या विटा पाण्यांत भिजवून तें पाणी एकदोनदां ओतून द्यावें, कारण त्यांत क्षार असण्याचा संभव असतो. घरची काळीच माती वापरावयाची असेल, तर ती एकंदर मिश्रणाच्या चौथ्या हिश्शाहून अधिक घेऊं नये.

मिश्रण बरोबर झालें किंवा नाहीं हें पाहण्यास दोन सोप्या कसोट्या आहेत. ओलसर मिश्रण मुठींत दाबावें. गोळा व्हावा, पण बोटानें टोंचतांच तो फुटावा. न फुटल्यास चिकणमाती अधिक झाली, आणि गोळाच न झाल्यास भुसा अधिक झाला असें समजावें. दुसरी कसोटी, भरलेल्या कुंडींत तांब्याभर पाणी घालावें. तें वर तळें करून न राहतां लगेच मुरावें व कुंडी पुरती भिजल्यावर एकदोन मिनिटांत भोंकांतून ठिबकूं लागावें.

कोकोपीट विकत घ्यावें लागतें. परंतु आपल्या जिल्ह्यांत त्यास पर्याय आहे, तो म्हणजे उसाचें चिपाड. प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखान्याचें पहिलें गाळप १९५० सालच्या अखेरीस सुरू झालें. तेव्हांपासून जिल्ह्यांत अनेक कारखाने निघाले, आणि रसवंतीचीं गुऱ्हाळें तर गांवोगांव आहेत. ह्या चिपाडाचा झाडांसाठीं उपयोग करण्याची कल्पना नवी नाहीं. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक कै. श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनीं ‘प्रयोग परिवार’ उभा करून, थोडी जागा, थोडें पाणी व घरचा पालापाचोळा यांवर कुटुंबाचें पोषण कसें साधेल याचे प्रयोग शेतकऱ्यांकडूनच करविले. ‘विपुलाच सृष्टी’ हें त्यांचें पुस्तक आपल्यापैकीं कित्येकांनीं वाचलें असेल. त्यांच्या विचारांवरून मुंबईस वांद्रें येथें डॉ. आर. टी. दोशी यांनीं आपल्या घराच्या गच्चीवर उसाचें चिपाड, खत व थोडी माती पिशव्यांत व पिंपांत भरून भाज्या व फळझाडें वाढविलीं. पुढें २००२ सालाच्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर श्रीमती प्रीती पाटील यांनीं तेथील ओला कचरा कुजवून त्यावर बाग उभी केली. ह्या सर्वांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, माती कमी व कुजलेला पाला अधिक हें धोरण त्यांनीं ठेवलें.

मात्र ताजें चिपाड थेट मिश्रणांत घालूं नये. तें कुजतांना मातींतील नत्र खेंचून घेतें व रोपें उपाशी राहतात. गांवीं उकिरड्याशेजारीं एक खड्डा करून चिपाडाच्या प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा, ओल टिकवावी व दोनदां उलथावें. तीनचार महिन्यांनीं तें तपकिरी व मऊ होतें. शहरांतील मुलांस काळ्या मातीचीं पोतीं नेण्यापेक्षां असें कुजलेलें चिपाड व जुनें शेणखत नेऊन देणें अधिक उपकारक. तें उचलण्यासही हलकें असतें.

३. वजन व शेजारधर्म

हलकेपणाचा मुद्दा केवळ सोयीचा नाहीं. ओल्या काळ्या मातीनें भरलेली बारा इंची मातीची कुंडी सुमारें तीस किलो भरते. वरील मिश्रणानें भरलेली प्लास्टिकची कुंडी त्याच्या निम्म्याच्या जवळपास राहते. आतां गच्चीचा हिशेब पाहूं. भारतीय मानकाप्रमाणें वावरण्याच्या गच्चीची बांधणी दर चौरस मीटरास सुमारें १५० किलो जादा भार धरून करतात. गच्चीवर विटांचा वाफा करून त्यांत सहा इंच माती भरली, तर ती भिजल्यावर एका चौरस मीटरास २५० किलोंचा भार होतो. म्हणजे केवळ मातीनेंच मर्यादा ओलांडली. म्हणून गच्चीवर सरसकट माती पसरून वाफे करण्याच्या भरीस, स्थापत्यज्ञाचा सल्ला घेतल्याशिवाय कोणीही पडूं नये. गॅलरी पुष्कळदां एकाच बाजूनें धरलेली असते. म्हणून जड भांडीं कठड्याशीं न ठेवतां भिंतीकडे ठेवावीं. कठड्यावर किंवा त्याच्या बाहेरच्या बाजूस कुंडी टांगणें हा तर खालून जाणाऱ्याच्या जिवाशीं खेळ आहे.

प्रत्येक कुंडीखालीं तबक ठेवावें व ती विटेच्या तुकड्यांवर बोटभर उंच करावी, म्हणजे फरशीस ओल लागत नाहीं व शेजाऱ्याच्या छतांत पाणी झिरपत नाहीं. सोसायटीच्या मंडळींस आधीं विचारून घ्यावें. बांधावरून भांडणारे आपण, मजल्यावरून भांडण उकरूं नये.

४. ऊन व दिशा

फळभाजीस रोज सहा तास ऊन लागतें. पालेभाजीस तीनचार तास पुरतें. पुदिना व अळू त्याहूनही कमी उन्हांत तग धरतात. म्हणून पीक ठरविण्याआधीं एखाद्या सुटीच्या दिवशीं दर दोन तासांनीं गॅलरींत ऊन कोठपर्यंत येतें, तें खडूनें फरशीवर आंखून पाहावें.

हें ऊन ऋतूप्रमाणें बदलतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. परंतु गॅलरीस छत असल्यामुळें तो बदल तेथें फारच जाणवतो. नगर सुमारें १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्गशीर्ष-पौषांत माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरींत ऊन आंतपर्यंत येतें. मे महिन्याच्या मध्यास तो बरोबर डोक्यावर येतो व जुलैच्या अखेरीपर्यंत किंचित् उत्तरेकडेच राहतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या गॅलरींत दुपारीं ऊन जवळजवळ येत नाहीं. यावरून दक्षिणेची गॅलरी ही रब्बीची जमीन समजावी. पूर्वेची गॅलरी बाराही महिने पालेभाजीस उत्तम. पश्चिमेची मिरची व वांग्यास चांगली, पण उन्हाळ्यांत तेथें गोणपाटाचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा हवा. उत्तरेच्या गॅलरींत पुदिना व अळू यांवर समाधान मानावें.

५. भांडीं

भांड्यास पैसा खर्च करण्याची गरज नाहीं. आपल्या वाड्यांतील तुळशीवृंदावन हीही एक कुंडीच होय. रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या चांगल्या धुऊन घ्याव्या व तळाशीं पांचसहा भोंकें पाडावीं. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा डबा मात्र कितीही धुतला तरी घेऊं नये. तेलाचे पत्र्याचे डबे चालतात, परंतु त्यांस बाहेरून गोणपाट गुंडाळावें. खताचीं पांढरीं पोतीं उन्हानें वर्षांत फाटतात. मातीची कुंडी अंगांतून पाणी सोडते, म्हणून ती थंड राहते, पण तिला पाणी अधिक लागतें. खोलीचा अंदाज असा : मेथी व कोथिंबीर यांस सहा इंच, पालक, मुळा व लसूण यांस आठ ते दहा इंच, मिरची, वांगें व टोमॅटो यांस बारा इंच किंवा अधिक. श्रीगोंद्याकडील मंडळींस कागदी लिंबाचें प्रेम अधिक. तें अर्ध्या पिंपांत लावतां येतें, परंतु फळासाठीं कांहीं वर्षें धीर धरावा लागतो. नवशिक्यानें तेथून आरंभ करूं नये.

६. पाण्याचा ताळेबंद

ज्या जिल्ह्यांत अजूनही कित्येक गांवें उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात, तेथें हौसेच्या कुंड्यांस पाणी घालावें काय, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो रास्तच आहे. नगर तालुक्यांतील हिवरे बाजारच्या गांवकऱ्यांनीं दरवर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिकें ठरविण्याची पद्धत घालून दिली. तोच धडा चार कुंड्यांच्या धन्यानेंही गिरवावा.

हिशेब असा कीं, पंधरा लिटर चांगल्या मिश्रणांत झाडास घेतां येण्याजोगें पाणी सुमारें अडीच लिटर राहतें. वाढलेलें टोमॅटोचें झाड कडक उन्हाळ्यांत दिवसाला जवळजवळ दोन लिटर पाणी पितें. म्हणजे एक दिवसाचा खाडा झाला कीं झाड कोमेजणार. उलट हिंवाळ्यांत तेंच पाणी तीन दिवस पुरतें. यावरून उघड होईल कीं, ‘रोज एक तांब्या’ हा नियम चुकीचा आहे. बोट दोन पेरें मातींत खुपसून पाहावें. कोरडें लागलें तरच पाणी द्यावें, आणि द्यावयाचें तेव्हां तळांतून थोडें ठिबकेपर्यंत द्यावें. तबकांतील पाणी मात्र सांठूं देऊं नये, तेथें डांस होतात.

दहा लहानमोठ्या कुंड्यांस उन्हाळ्यांत दिवसाला एक बादली पाणी पुरतें. डाळतांदूळ व भाजी धुतलेलें पाणी निराळ्या बादलींत धरलें तर त्यांतील बराच भाग घरांतूनच सुटतो. साबणाचें पाणी घालूं नये. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून वायां जाणाऱ्या पाण्यांत क्षार अधिक असतात. तें फरशी पुसण्यास घ्यावें, कुंडींस रोज घालूं नये. पुष्कळ इमारतींत कूपनलिकेचें जड पाणी असतें व त्यामुळें मातीवर पांढरें पापुद्रे येतात. तसें दिसल्यास महिन्यांतून एकदां भरपूर पाणी घालून क्षार तळांतून धुऊन काढावे. पावसाळ्यांत कुंड्या एक दिवस पावसांत ठेवल्या तर हें काम फुकट होतें. मातीवर दोन बोटें वाळलेला पाला किंवा चिपाड अंथरावें. आच्छादनाचा गुण शेतांत जो, तोच येथें.

७. आरंभ केव्हां व कशानें करावा

नवशिक्यानें दसऱ्यानंतर आरंभ करावा. ऊन सौम्य, पाणी थोडें, कीड कमी, आणि चूक झाली तरी सांवरण्यास वेळ मिळतो. मृगावर आरंभ करण्याची आपली संवय येथें घात करते, कारण अति ओल व ढगाळ हवा हीं नवशिक्याच्या कुंडीस सोसत नाहींत.

पहिल्या वर्षीं पांचच भांडीं ठेवावीं : मेथी, कोथिंबीर, पालक, पुदिना व मिरची. मेथी चौथ्या दिवशीं उगवते व महिन्याच्या आंत काढणीस येते. लहान मुलांचा उत्साह टिकविण्यास तिच्यासारखें पीक नाहीं. धने रगडून दोन दळें करून पेरावे. ते उगवण्यास आठ ते बारा दिवस घेतात, तोंवर धीर सोडूं नये. पालक मुळासकट न उपटतां कापून घेतला तर तीनचार वेळां येतो. पुदिना बाजारच्या जुडींतील जाड काड्या लावूनच होतो. मिरचीचें एका भांड्यांत एकच रोप ठेवावें. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ ही मिरची गुच्छांनीं लागते व कुंडीस शोभते. हीं पांच साधल्यावर दुसऱ्या वर्षीं टोमॅटो, वांगें व भेंडी यांकडे वळावें.

वेलवर्गांत वाल व घेवडा हे गॅलरीच्या जाळीवर चांगले चढतात. बीं शक्य तर गांवठी घ्यावें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनीं अशा गांवठी वाणांचें बीं जतन करून तें घरोघर पोंचविलें, व त्याबद्दल २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. गांवठी वालाच्या चार शेंगा वेलावरच वाळूं दिल्या तर पुढच्या वर्षाचें बीं घरचें होतें. संकरित बियाण्यांत ती सोय नाहीं. काकडी किंवा दोडका लावल्यास उंच मजल्यावर मधमाशी येईलच असें नाहीं. काकडीस सकाळीं व दोडक्यास सायंकाळीं नरफुलांतील पराग मादीफुलास हातानें लावावा. टोमॅटोचा फुलोरा नुसता हलविला तरी पुरे.

८. खत व कीड

वारंवार पाणी दिल्यानें अन्नांश धुपून जातो, म्हणून दर पंधरा दिवसांनीं एक मूठ गांडूळखत वर घालून हलकी खुरपणी करावी. शेणकाला दहापट पाणी घालून दिला तरी चालतो, पण शेजाऱ्यांच्या नाकाचा विचार करावा. युरिया देऊंच नये. शेतांत चिमूट कोठें पडली कळत नाहीं, परंतु कुंडींत तीच चिमूट मुळें जाळते. घरचा ओला कचरा भोंकें पाडलेल्या दोन बादल्यांत आळीपाळीनें भरून, प्रत्येक वेळीं त्यावर दुप्पट वाळला पाला घातला तर दोनअडीच महिन्यांत खत होतें. घाण वास आल्यास ओल अधिक झाली असें समजून कोरडा पाला वाढवावा.

मावा, पांढरी माशी व पिठ्या ढेकूण हे येथेंही येतात. पहिला उपाय बोटांचा, दुसरा पाण्याच्या जोरकस फवाऱ्याचा. तेवढ्यानें न भागल्यास एक लिटर पाण्यांत पांच मिलिलिटर निंबोळी तेल व साबणाचे चार थेंब घालून सायंकाळीं फवारावें. येथें आपणां सर्वांस कळकळीची विनंती आहे. शेतावरील कीटकनाशकाची उरलेली बाटली कोणीही मुलाच्या घरीं नेऊं नये. बंद घर, अंगणाइतकीच गॅलरी, तेथेंच खेळणारें मूल, आणि फवारणीच्या दुसऱ्याच दिवशीं तोडली जाणारी कोथिंबीर, अशा ठिकाणीं त्या औषधास जागा नाहीं.

९. लाभ किती?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें एका प्रौढ माणसानें दिवसास सुमारें ४०० ग्रॅम भाजी खावी. म्हणजे चौघांच्या कुटुंबास दीड किलोहून अधिक भाजी रोज लागते. दहा कुंड्या ती कधींही पुरविणार नाहींत, आणि पुरवितील असें सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. कोथिंबीर, पुदिना, मिरची व आठवड्यांतून एकदां पालेभाजी एवढें घरचें झालें तरी प्रयत्न सफळ झाला असें मानावें. पैशांचा हिशेब मांडला तर पहिल्या वर्षीं तोटाच दिसेल.

मग हा खटाटोप करावा कशासाठीं? आमच्या मतें कारण दुसरेंच आहे. शहरांत वाढणाऱ्या आपल्या नातवंडांस भाजी ही पिशवींतून येते एवढेंच ठाऊक होत चाललें आहे. ज्या मुलानें कोथिंबिरीची दहा दिवस वाट पाहिली, दोन दिवसांच्या गैरहजेरीनें मिरची सुकलेली पाहिली, त्यास बाजारांत जुडी घेतांना घासाघीस करण्यापूर्वीं आपला आजा आठवेल. उद्यां जमिनीचे सातबारे ह्याच मुलांच्या नांवें होणार आहेत. ती जमीन ठेवावयाची कीं विकावयाची, हें तींच ठरविणार आहेत. मातीची ओळखच नसेल तर त्यांनीं ती कोणत्या मायेनें ठेवावी?

आमच्या घरीं दुसऱ्या वर्षीं दसऱ्यानंतर वरील मिश्रणानें पांच भांडीं भरलीं. पालक तीनदां कापला, मेथी दोनदां झाली, कोथिंबीर एकदां बिघडली व एकदां साधली. शेतांतील काळ्या मातीचा चौथा हिस्सा मुद्दाम त्यांत घातला होता. नातीच्या प्रश्नास उत्तर देणें आम्हांस भाग होतें, आणि तें मेथीनें दिलें.

ज्या बंधूंनीं व भगिनींनीं असे प्रयोग केले असतील, त्यांनीं आपले अनुभव, विशेषतः फसलेले, मासिकाकडे अवश्य कळवावे. कुजविलेलें चिपाड कोणत्या प्रमाणांत घातलें असतां कोणतें पीक चांगलें येतें, याची माहिती अनेक घरांतून जमल्यास पुढें तिचा सर्वांस उपयोग होईल.